ध्यानाला बसलेली चेटकीण

चित्रकलेच्या मास्तरांनी सगळ्या परीकथांना वैराग्य आणलं होतं. समाधी लावलेला लांडगा, राजवाड्याला कंटाळून पुन्हा बेडूक व्हायला निघालेला राजपुत्र आणि मधोमध डोळे मिटून ध्यानाला बसलेली चेटकीण. चार वर्षं खपून घडवलेल्या बारा मूर्ती. "लोक बघतच राहतील," असं त्यांनी शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला माणसं आली सहा. त्यातली दोन पंखा दुरुस्त करायला.

चेटकिणीचा चेहरा वहिनींचा होता. आई गेली तेव्हा मास्तर सात वर्षांचे होते. तेव्हापासून वहिनींनीच त्यांना वाढवलं. इतकी शांत मुद्रा त्यांनी दुसरी पाहिली नव्हती, म्हणून मोठ्या मायेने ती मातीत उतरवली. पण वहिनी दारातून आत येताना दिसल्या आणि मूर्तीखालचं कार्ड मास्तरांनी पहिल्यांदाच परक्याच्या नजरेने वाचलं: 'ध्यानस्थ चेटकीण'.

वहिनी लांडग्यापाशी थांबल्या होत्या. तेवढ्यात मास्तरांनी ते कार्ड उचललं आणि शेजारच्या मूर्तीच्या कार्डाशी बदललं. तिथे लिहिलं होतं: 'उडायचं सोडलेली परी'. सुटलो, असं ते म्हणतात न म्हणतात तोच मुख्याध्यापिका बाई आल्या आणि सरळ परीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मास्तरांना घाम फुटला. परी घडवत होते त्या महिन्यात त्यांचा बढतीचा अर्ज बाईंच्या टेबलावर पडून होता. परीचा चेहरा आपोआपच बाईंच्या वळणावर गेला होता. आणि आता तिच्या पायाशी 'चेटकीण' लिहिलेलं होतं. आगीतून उठून फुफाट्यात!

"मास्तर, ही चेटकीण उभ्याने ध्यान करते?" बाईंनी विचारलं. "आणि पंख कशाला?"

"तो... तो नवा अर्थ आहे, बाई."

पलीकडून वहिनी म्हणाल्या, "आणि ही परी उडायची का थांबली रे? पंखच नाहीत म्हणून?"

दोघी एकमेकींना नमस्कार करायला वळल्या. मास्तरांनी संधी साधून दोन्ही कार्डं उचलली आणि घाईत एक खाली पडलं. ते वाकून उचलून उभे राहिले, तर दोघी समोर.

"काय चाललंय?" बाई म्हणाल्या.

मास्तरांची पाचावर धारण बसली. थाप सुचेना, तेव्हा सगळं खरं सांगून टाकलं. कुणाचा चेहरा कुठे आहे, कार्डं का बदलली, सगळं.

बाईंनी परीकडे पाहिलं. वरून पाहिलं, बाजूने पाहिलं. "ही मी? मला वाटलं, कुणी पुरुष आहे." मग त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मुलांना फुलदाण्याच शिकवा तुम्ही." आणि त्या निघून गेल्या.

म्हणजे कुणालाच काही कळलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं ते मास्तरांनीच.

वहिनी मात्र हलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला, आणि त्या चेटकिणीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मी एवढी वाकलेय का रे आता?" त्यांनी विचारलं.

"नाही गं वहिनी. माती वाळताना वाकली ती."

"असं होय," त्या म्हणाल्या.

घरी जायला दोघं बरोबरच निघाले. बसथांब्यापर्यंतचा सगळा चढ वहिनी पाठ ताठ करून चढल्या, दर दहा पावलांवर श्वास घ्यायला थांबत. मास्तर त्यांची पिशवी धरून मागून चालले होते. त्यांना वर बघायचा धीर होत नव्हता.