मंगळवारचा वायदा

बाथरूममधली एक फरशी पायाखाली हलते, एवढीच वेंडेल पेटीफर्डची तक्रार होती. ती त्याने बायकोकडे करायला नको होती. वर्नीसने कमरेवर हात ठेवून आधी त्या फरशीकडे पाहिलं, मग पोपडे धरलेल्या भिंतीकडे, मग गुलाबी टबाकडे आणि शेवटी वेंडेलकडे. (बदलायच्या वस्तूंत आपला नंबर कितवा, हे त्याला त्या नजरेवरून नीट कळलं नाही.)

"जुलैत ओडेसा येतेय," ती म्हणाली.

ओडेसा ही वर्नीसची थोरली बहीण. ती फिलाडेल्फियाला राहायची आणि आईच्या नव्वदाव्या वाढदिवसासाठी आठवडाभर येणार होती. मागच्या खेपेला याच बाथरूममधून बाहेर पडताना ती म्हणाली होती, "छोटंसंच आहे, पण तुम्हा दोघांना पुरतं." वर्नीसने ते वाक्य सहा वर्षं लोणच्यासारखं मुरवत ठेवलं होतं.

"मग घेऊ करून सगळंच," वेंडेल म्हणाला. घरात बाथरूम एकच आहे, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्यांच्या डरहॅम शहरात हल्ली डॉक्टर मिळतो, वकील मिळतो, पण कारागीर मिळत नाही. न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाची माणसं लोंढ्याने येत होती, जुनी घरं घेत होती आणि घेतल्या दिवशी पाडायला काढत होती. ज्याच्याकडे म्हणून हातोडा होता तो भाव खात होता.

पहिला कॉन्ट्रॅक्टर चकचकीत बूट घालून आला. बाथरूमच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले.

"मला इथे प्रकाश दिसतोय," तो म्हणाला.

"बल्ब नवा आहे," वेंडेलने सांगितलं.

त्या प्रकाशाचे एक्केचाळीस हजार डॉलर पडणार होते. अख्खं घर वेंडेलने बासष्ट हजारांत घेतलं होतं.

दुसऱ्याने तीनदा वेळ दिली आणि तीनदा चुकवली. चौथ्यांदा त्याने फोन करून कळवलं की आता आम्ही पूर्ण घरंच घेतो, सुटी बाथरूमं नाही.

राहता राहिले डीकन स्ट्राउड. डीकन म्हणजे त्यांच्याच बाप्टिस्ट चर्चमधले मानकरी, चाळीस वर्षं सुतारकाम आणि गवंडीकाम केलेले. त्यांनी अकरा हजार सांगितले, सोमवारी सकाळी आले आणि दुपारपर्यंत टब अंगणात, फरशा पोत्यात आणि भिंती आतल्या उभ्या लाकडी पट्ट्यांपर्यंत सोलून काढल्या. फरशीखालच्या लाकडाला त्यांनी बोटाने ढोसलं, तर बोट आत गेलं.

"वेंडेल, बाळा, वेळेवर बोलावलंस," ते म्हणाले. "अजून महिनाभर थांबला असतास, तर एके सकाळी कमोडसकट घराखाली गेला असतास."

त्यांनी प्लायवूड ठोकून कमोड परत बसवला, भिंतीच्या जागी सूर्यफुलांची चादर टांगली आणि हत्यारं गोळा केली. "मंगळवारी येतो," म्हणाले.

कुठल्या मंगळवारी, ते सांगितलं नाही.

एप्रिल गेला. मे गेला. वर्नीस आंघोळीला मावसबहिणीकडे जायची आणि वेंडेल जिममध्ये. (तिथल्या पोरीने तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "काका, व्यायामाला कधीपासून सुरुवात करताय?") चादरीआड कुणी बसलं की दुसऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवायचा, असा घरात नियम झाला. शेजारणीने एकदा विचारलं, पेटीफर्ड मंडळींना ऐकायला कमी येऊ लागलं का.

"तू बोल ना त्यांच्याशी," वर्नीस म्हणायची.

"अगं, त्यांनी मला लहानपणी चर्चच्या रविवारच्या वर्गात दहा आज्ञा शिकवल्यात. त्यांच्यावर आवाज कसा चढवू?"

"मग एवढं विचार, दिलेला शब्द पाळावा ही कितवी आज्ञा?"

"तशी आज्ञा नाहीये. मी पाहिलं."

शेवटी वर्नीसने सूत्रं हातात घेतली आणि डीकनना जेवायला बोलावलं. त्यांनी तळलेलं चिकन खाल्लं, हिरव्या पालेभाजीवर ताव मारला, मक्याच्या ब्रेडने ताटली पुसली, केकचे दोन तुकडे संपवले. जेवणाआधी त्यांनी लांबलचक प्रार्थना केली होती. त्यात आजारी, प्रवासी आणि तुरुंगात असलेल्यांबरोबर या घरच्या बाथरूमचाही उल्लेख होता.

"मिस वर्नीस, असं जेवण डरहॅममध्ये आता राहिलं नाही," उठताना ते म्हणाले. "मंगळवारी येतो."

पुढच्या मंगळवारी त्यांचा ट्रक खरंच त्या गल्लीत आला. पण थांबला समोरच्या घरापुढे, जे बोस्टनच्या एका जोडप्याने नुकतंच घेतलं होतं.

त्या रात्री वर्नीस शांतपणे म्हणाली, "ओडेसा आली आणि ही चादर तशीच असली, तर मी तिच्याबरोबर फिलाडेल्फियाला जाणार. तिच्याकडे अडीच बाथरूमं आहेत."

वेंडेल घाबरला, कारण ती ओरडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने एका सहकाऱ्याचा फोन मागून घेतला, नाक चिमटीत धरलं आणि डीकनना फोन लावला. बेत असा, की शेजारच्या रिकाम्या घराचा पत्ता द्यायचा. डीकन ट्रकमधून उतरले की त्यांना रस्त्यातच गाठायचं आणि हाताला धरून आपल्या घरात न्यायचं.

"हॅलो, मी ब्रॅडली व्हिटकॉम्ब बोलतोय. न्यूयॉर्कहून आलोय. बाथरूम करायचंय."

"वा. न्यूयॉर्कात कुठे?"

"मध्यभागी," वेंडेल म्हणाला.

"बजेट किती, साहेब?"

"त्याची काळजी नको हो. जुलैच्या आत झालं पाहिजे, एवढंच."

"उद्या सकाळी सात वाजता हजर होतो," पत्ता उतरवून घेत डीकन म्हणाले.

"देव तुमचं भलं करो, डीकन," वेंडेल म्हणाला आणि हुश्श करून त्याने नाक सोडलं.

दुसऱ्या दिवशी सातला वेंडेल झुडपाआड दबा धरून बसला होता. ट्रक आला. पण शेजारी न थांबता थेट त्याच्याच दारात शिरला. डीकन उतरले, मागून दोन गडी उतरले, फरशांची खोकी उतरली. वेंडेल झुडपातून बाहेर आला.

"गवत काढत होतो," तो म्हणाला.

"काढ, काढ," डीकन म्हणाले आणि आत गेले.

पाच दिवसांत पांढरंशुभ्र बाथरूम उभं राहिलं. डीकनना उपरती झाली, असं वेंडेलने ठरवून टाकलं. वर्नीस नव्या नळाखाली तासभर आंघोळ करून गात बाहेर आली. ओडेसा आली, आत जाऊन आली आणि म्हणाली, "छान आहे. आमच्याकडे पूर्वी असंच करायचे." त्यावर वर्नीस चक्क हसली.

मग बिल आलं. एकोणीस हजार चारशे. वर नाव होतं ब्रॅडली व्हिटकॉम्ब.

"डीकन, आपलं अकरा ठरलं होतं," वेंडेल चाचरत म्हणाला.

"ते वेंडेल पेटीफर्डशी. त्याचं काम मी ऑगस्टात धरलंय. हे व्हिटकॉम्ब साहेबांचं, तातडीचं. त्यांना पैशाची काळजी नाही."

"तुम्ही मला ओळखलंत कधी?"

"तू हॅलो म्हणालास तेव्हाच. पण म्हटलं, खात्री करावी. न्यूयॉर्कच्या माणसाला मी डीकन आहे हे कोण सांगणार रे?"

वेंडेलने चेक लिहिला. वर्नीसने पेन आणून दिलं.

रविवारी सगळी मंडळी चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसली होती. वेंडेल, वर्नीस, ओडेसा आणि कडेला दोघी बहिणींची नव्वद वर्षांची आई, डोक्यावर जांभळी हॅट घालून. आईला लांबचं चांगलं दिसायचं आणि जवळचं धूसर. नव्या पाहुण्यांचं स्वागत करायला डीकन स्ट्राउड पुढे आले.

"आज आपल्यात न्यूयॉर्कहून आलेले एक दिलदार बंधू आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या औदार्याने आपल्या चर्चच्या स्वयंपाकघराचं गळकं छप्पर या आठवड्यात दुरुस्त होतंय. मिस्टर व्हिटकॉम्ब, जरा उभं राहता का?"

कुणीच उभं राहिलं नाही. लोक माना वळवून शोधू लागले. वर्नीसचं कोपर वेंडेलच्या बरगडीत रुतलं.

वेंडेल उभा राहिला. टाळ्या पडल्या. स्वागताची निळी फीत घेऊन एक बाई आली आणि त्याला बारा वर्षांचा असल्यापासून ओळखत असूनही तिने ती गंभीरपणे त्याच्या कोटावर टाचली.

सासूबाईंनी मान तिरकी करून त्या धूसर आकृतीकडे बराच वेळ पाहिलं. मग ओडेसाकडे झुकून, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात त्या कुजबुजल्या, "माणूस भला दिसतो गं. आपल्या वर्नीसला असाच कुणीतरी मिळायला हवा होता."