प्रधानांच्या बाकावरची रिकामी जागा

नव्वदच्या दशकात आखातातल्या रुवैसला प्रधानांच्या घरी कुणी पाठ टेकून बसत नसे. बाक ऐसपैस होता, पण त्याच्या पाठीवर एका टोकाला अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष रंगवलेले आणि दुसऱ्या टोकाला त्यांचाच कुणी सेनापती. "थोरांच्या तोंडाला पाठ लावायची नाही. खलास," असं प्रधान बजावत. आम्ही तिथली मराठी मंडळी मुलाखतीला आल्यासारखे अवघडून पोहे खात असू.

रिफायनरीतला त्यांचा अमेरिकन शेजारी मायदेशी परतताना हा वडिलोपार्जित बाक देऊन गेला होता. तिकडे पूर्वी घरच्या सामानावर देशभक्तांची चित्रं काढत, हे प्रधान आल्यागेल्याला ऐकवत. बाकी आम्हा सगळ्यांकडे कंपनीचं एकसारखं फर्निचर, त्यामुळे त्यांची कॉलर कायम ताठ. घरीदारी इंग्रजीच बोलणारी माझी मुलगी एकदा राष्ट्राध्यक्षांकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, ही इज जस्ट पेंट." तिला तासभर इतिहास ऐकावा लागला.

दोन चित्रांच्या मधलं तिसरं मात्र पार पुसलं गेलं होतं. तिथे आपला माणूस रंगवायचा, असा प्रधानांचा निश्चय. अबुधाबीहून रंग आणून ठेवले होते. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पुणेकर पुण्याचा पुढारी लावून धरत, कोल्हापूरकर कोल्हापूरचा. "बघू, इन्शाल्ला," एवढंच उत्तर मिळे. आमचा वाद रंगलेला असताना आतल्या खोलीत प्रधानकाकू आमच्या पोरांना मराठी लिहायला-वाचायला शिकवत. वर्षानुवर्षं, आमचा चहा सांभाळून.

प्रधान रिटायर झाले, सामान बांधलं गेलं. "जेवायला या, जागा भरली," असा फोन आला. बाकावर चादर होती. आम्ही आपापला पुढारी मनात धरून उभे राहिलो. प्रधानांनी चादर ओढली.

मधोमध काकू होत्या. अंबाड्यात बॉलपेन खोचलेलं, नाक जरा वाकडं.

"अहो, भलतंच काय. पुसा आधी ते," काकू म्हणाल्या.

"पुसायचं नाही," प्रधान म्हणाले. "त्या दोघांनी देश उभा केला. तू इथे आपली भाषा उभी केलीस. मी रोज बघत होतो, बोललो नाही एवढंच."

माझी मुलगी पुढे वाकून चित्राखालची अक्षरं वाचू लागली, "सुलभा प्रधान, शिक्षिका, रुवैस." जोडाक्षरालासुद्धा अडखळली नाही.

काकूंनी डोळे पुसत सवयीने विचारलं, "शिक्षिका म्हणजे काय गं?"

"म्हणजे तुम्ही," पोर म्हणाली, चक्क मराठीत.