साय रंगाची दुधाची गाडी

मात्राकाकांनी फक्त उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. डावा तूर्त राहू दे म्हणाले. (दोन्ही डोळे एकदम परक्याच्या हाती देऊ नयेत, असं त्यांचं मत होतं.)

एकतीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. चुकलेली वेलांटी त्यांना दारातूनच दिसायची, म्हणून तर छापखान्यातल्यांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. त्याच मात्राकाकांच्या नजरेखालून मागच्या महिन्यात एका शोकसभेची 'शौकसभा' होऊन गेली. पत्रकं वाटून झाल्यावर कळलं. सभेला गर्दी मात्र चांगली जमली.

"मोतीबिंदू छान पिकलाय," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रंग पिवळट दिसत असतील तुम्हाला."

काका हसले. "बाई, अक्षराचं म्हणाल तर मान्य. रंगाचं मला सांगू नका."

कारण घरी काकांच्या काचेच्या कपाटात बेचाळीस दुधाच्या गाड्या होत्या. ओतीव धातूच्या, तळहातावर मावणाऱ्या, जुन्या काळच्या खेळण्यातल्या. बघणाऱ्याला एक सोडून बाकी एकेचाळीस निळ्या गाड्या सारख्याच वाटायच्या. काकांना एकही दुसरीसारखी दिसत नसे. हिच्या दाराला कडी आहे, हिच्या नाही, कारण मधे साचा झिजला आणि पुन्हा कोरताना कारागीर कडी विसरला. हिची पायरी जाड, हिची पातळ. हिचं छप्पर निळं, हिचं त्याहून पाव चमचा निळं.

आणि पहिल्या ओळीत मधोमध, एकटी, साय रंगाची गाडी.

कारखान्याने गाड्या निळ्या काढल्या आणि थोड्या पांढऱ्या, तिसरा रंग नाहीच, असं सगळे जाणकार सांगत. ही पांढरी नव्हती. तापलेल्या दुधावर धरते तसल्या सायीच्या रंगाची होती. रोज दुपारी चारला काका तिला तळहातावर घेऊन खिडकीशी बसत आणि हळूहळू कुठेतरी निघून जात. त्यांना तो कारखाना दिसे. पांढऱ्या रंगाचा डबा संपत आलेला. बाह्या दुमडलेली एक बाई, गुणगुणत, शेजारच्या डब्यातला चमचाभर पिवळा त्यात ढवळते, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघते आणि मनाशीच म्हणते, आज असंच असू दे. त्या एका दुपारच्या गाड्या तेवढ्या साय रंगाच्या. उरल्यासुरल्यातली ही एक. त्या बाईच्या कपाळावरचा घामसुद्धा काकांना पाठ होता, आणि ऐकून ऐकून काकूंनाही.

संग्राहक मंडळाच्या नोंदवहीत ही गाडी 'नवा रंगभेद' म्हणून चढायची होती. रविवारची बैठक ठरली होती. काकांचं आठ पानी भाषण तयार होतं. डोळा झाला बुधवारी.

गुरुवारी सकाळी पट्टी निघाली. काका घरात आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"अगं, भिंतीला काय झालं?"

"काय झालं?" काकू आतून म्हणाल्या.

"निळी आहे!"

"तीन वर्षं निळीच आहे. रंगारी पांढरा लावत होता, तुम्ही म्हणालात पिवळा दिसतोय. त्याने नीळ घातली, तुम्ही म्हणालात अजून पिवळाय. शेवटी तो रडकुंडीला आला, तेव्हा तुम्ही म्हणालात, हां, आता झाला पांढरा."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मला आवडली. आकाशात राहिल्यासारखं वाटतं."

चपला तशाच पायात ठेवून ते कपाटाशी गेले. साय रंगाची गाडी काढली. उजव्या डोळ्याने पाहिली. पांढरी. डाव्याने पाहिली. साय. उजवा, पांढरी. डावा, साय. पाच मिनिटं ते कपाटासमोर उभे राहून डोळे मारत होते. (शेजारीण दारातून डोकावली आणि आल्या पावली परत गेली.)

मग ते खुर्चीत बसले. गाडी गेली याचं त्यांना फारसं काही नव्हतं, गाडी हातातच होती. ती बाई गेली होती. दुमडलेल्या बाह्या, गुणगुणणं, खिडकीतलं ऊन, सगळं त्यांच्याच डोळ्यात पिकलं होतं.

"तुला ही कशी दिसायची?" त्यांनी विचारलं.

"पांढरी," काकू हळूच म्हणाल्या.

"कधी बोलली नाहीस."

"चारच्या सुमाराला तुमचा चेहरा बघण्यासारखा असायचा. कशाला बोलू?" मग त्या जवळ बसल्या. "आता असं करा, रविवारी उजवा डोळा झाका आणि जा. पट्टी आहेच."

"खोटं नोंदवू? माझ्या हातून?"

"मग खरं सांगा. मी येते बरोबर."

रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंडळ जमलं. मंडळ म्हणजे तिघे. अध्यक्ष असलेले म्हातारे घड्याळजी, एक शिंपी आणि एक निवृत्त मास्तर. काकांनी भाषण खिशातच ठेवलं, गाडी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मोतीबिंदू, भिंत, डावा, उजवा. "ही साधी पांढरी गाडी आहे. मंडळाची मी क्षमा मागतो."

घड्याळजींनी गाडी उचलून भिंगाखाली धरली, बराच वेळ. मग शिंप्याने. मग मास्तरांनी.

"साय," घड्याळजी म्हणाले.

"शंकाच नाही," शिंपी म्हणाला. "आयुष्यभर कापड ओळखलंय मी. हा पांढरा नव्हे."

"अहो, तुम्हा तिघांनाही मोतीबिंदू असेल!" काका कळवळून म्हणाले.

"आम्हाला?" मास्तर दुखावले. "आम्हाला सगळं लख्ख दिसतं. ऑपरेशन तुमचं झालंय, आमचं नाही."

"नवा डोळा आहे," शिंपी समजुतीने म्हणाला. "बसायला वेळ लागतो."

"पण मी शपथेवर..."

"वहिनी," घड्याळजींनी हात वर करून काकांना थांबवलं, "तुमचे डोळे उत्तम दिसतात. तुम्हीच सांगा एकदा."

काकूंनी गाडी हातात घेतली. खिडकीच्या उजेडात धरली. एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. काका आशेने त्यांच्याकडे बघत होते, दोन्ही डोळ्यांनी.

"साय," काकू म्हणाल्या. "कोण्या बाईने चमचाभर पिवळा घातलेला दिसतोय."

घड्याळजींनी समाधानाने नोंदवही ओढली आणि कापऱ्या, टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'दुधाची गाडी. नवा रंगभेद, साय. अनुकूल चार. विरोध एक, दृष्टिदोषामुळे ग्राह्य धरला नाही.'

मग त्यांनी वही काकांच्या पुढ्यात सरकवली.

"इथे सही करा," ते मायेने म्हणाले. "दिसतंय ना? की बोट धरून दाखवू?"