शकीला खालाची रेघ

पडेगावात माझं पार्लर उभं राहिलं ते शकीला खालामुळं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर बोलण्याच्या नादात माझंच कौतुक होऊन बसायचं आणि खाला कोपऱ्यातून ओरडायची, "नाप के बोल!"

"नाप के बोल" हे तिचं पालुपद. खाला ब्लाऊज शिवते. गळ्यात पिवळा टेप असतो, त्याचे सुरुवातीचे आकडे कधीच पुसले गेलेत. झोपताना तरी ती तो काढते का, याची मला शंका आहे. जगातली कुठलीच गोष्ट तिला मापल्याशिवाय पटत नाही. दुकानापुढं कुणी गाडी लावली तर ती भांडत नाही. बाहेर जाते, उंबऱ्यापासून चाकापर्यंत टेप धरते आणि नुसता आकडा सांगते. माणूस घाबरून गाडी काढतो. भाजीवाल्याकडं भेंडीला टेप लावते. एकदा एक बाई सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आली, की सून कामाला हात लावत नाही.

"घर कित्ता बडा है?" खालानं विचारलं.

"दोन खोल्या."

"और औरतां कित्ते?"

"तिघी."

"फिर काम कम है. सून बरोबर है."

माझी नि तिची गाठ अशीच एका ब्लाऊजवरून पडली. मी हिंगोलीकडची. आमचं मेंढरांचं घर. कळप हालला की शाळा मागं राहायची, सातवीत ती कायमचीच मागं राहिली. लग्न होऊन इथं आले. नवरा कंपनीत, मी एका पार्लरात मदतनीस. केस कापायला चांगली शिकले, पण स्वतःचं काही टाकायचं धाडस होत नव्हतं. भाऊ फोनवर म्हणायचा, "टाक की. दिवाळीपर्यंत टिकलीस तरी लई झालं. मग ये इकडं, मेंढरं वाटच बघतेत." तो हसत म्हणायचा. मला ते खरंच वाटायचं.

खालाकडं बाही सैल करायला गेले होते. दंडाला टेप गुंडाळता गुंडाळता तिनं माझं सगळं पोटातलं काढून घेतलं. मग म्हणाली, "हात कायकू कापता?"

"सवयच हाय."

"कैंची धरती तब भी?"

"तवा नाय कापत."

खाला उठली. भिंतीला टेप लावत या टोकापासून त्या टोकाला गेली, गाळ्याच्या बरोबर मधोमध वाकली आणि कापडावर खुणा करायच्या खडूनं फरशीवर सरळ रेघ ओढली. मला वाटलं, माझ्या बाहीचंच काहीतरी चाललंय.

"ये मेरी बाजू, वो तेरी," ती म्हणाली. "तेरा पार्लर उधर. खिडकी उधर है, बाल कू उजेड होना."

"आन् तुमाला?"

"मशीन कू बल्ब बस."

मी काही बोलायच्या आत तिनं पुढं जोडलं, "आधा गाळा खालीच पडा है. खाली जागा आदमी कू खाती." त्या अर्ध्या बाजूला पूर्वी तिच्या मियाँचं मशीन असायचं, हे मला मागाहून कळलं.

पार्लर सुरू झालं, आणि खाला रेघेच्या पलीकडं गप बसेल अशी माझी समजूत पहिल्याच दिवशी गेली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की एकच वाक्य बोलतं, "जरासे काप." या शब्दावर आमच्या धंद्यातली सगळी भांडणं होतात. एकीचं जरासं म्हणजे टोकं, दुसरीचं जरासं म्हणजे वीतभर. कापून झाल्यावरच कळतं. पण इथं 'जरासे' ऐकलं की पलीकडचं मशीन थांबायचं.

"जरासा? ये कोणत्या टेपवर लिवलंय?"

खाला यायची, केसांना टेप लावायची, बाईची स्वतःची बोटं तिच्याच केसांवर ठेवून मोजायला लावायची आणि अंगावरच्या काळ्या कापडावर, पाठीमागं, खडूची खूण करायची. मी आरसा धरायचा.

"यहाँ तक. कबूल?"

"कबूल."

असं तीनदा वदवून घ्यायची. मला वाटायचं, ही माझी सगळी गिऱ्हाइकं पळवून लावते. एक-दोन पोरी तर हसत हसत म्हणाल्या, "मावशी, केस कापायला आलोय, लग्न लावायला नाय."

दिवाळी जवळ आली. गाळा बायकांनी भरला होता, बाकावर दाटीवाटी, आणि खुर्चीत होत्या शेवाळेबाई. शेवाळेबाई म्हणजे आमच्या गल्लीतला लाऊडस्पीकर. त्यांच्या पसंतीवर कुणाचं दुकान चाललं नसेल, पण नापसंतीवर दोन-तीन तरी बंद झाली असतील. मी केस ओले करून कापले, वाळवले, आरसा धरला.

"अगं बया! अर्धे केस छाटले की गं हिनं!"

खरं सांगते, मला आरशात शेवाळेबाई दिसेनात, आमची मेंढरं दिसायला लागली.

मशीन थांबलं. खाला आली आणि चक्क फरशीवर बसली. पडलेल्या केसांतली एक बट उचलली, दोन्ही टोकं ओढून सरळ केली आणि बाईंच्याच हातावर आडवी ठेवली. "गिनो."

शेवाळेबाईंनी बोटं मोजली. चार.

"कबूल कित्ते?"

बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "चारच की! तीनदा म्हनल्या, मी ऐकलं."

"मग एवढे कमी का दिसतेत?" शेवाळेबाई म्हणाल्या.

"गीले थे, अब सूके," खाला म्हणाली. "सुती कपडा धुतल्यावर आटता ना? वैसाइच."

शेवाळेबाई आरशाकडं वळल्या. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मान झटकून केस हलवून बघितले. मग त्यांनी दाराकडं बघत आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी लेकीला हाक मारली, "कोमल! ये गं, तुझे बी चार बोटं कापून घे!"

बाकावर असा हशा उठला की समोरचा चहावाला बघायला आला. त्या दिवसापासून आमचं नाव पडलं, मापून कापणारं पार्लर. शेजारच्या मिटमिट्याहून बायका येऊ लागल्या. एक तर लासूर स्टेशनहून आली आणि बसल्या बसल्या स्वतःच म्हणाली, "पाच बोटं. कबूल, कबूल, कबूल."

भाऊबीजेला भावाचा फोन. "काय मग, कधी येतीस?"

"येत नाय," मी म्हटलं. "दुसरी खुर्ची घ्यायलेय."

म्हटलं खरं, पण खुर्ची ठेवायची कुठं? पहिल्या दिवशी माझ्या बाजूला एक खुर्ची आणि मी, एवढंच कसंबसं मावत होतं. म्हणून टेप आणला, माझा स्वतःचा, आणि भिंतीपासून रेघेपर्यंत धरला. दुसरी खुर्ची बसत होती. बसून वर बाकही बसत होता. मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा धरला. मग खालाची बाजू मापली. तिथं मशीन, स्टूल आणि खाला. पाय उंबऱ्याला टेकलेले.

मग डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गाळा धुवायचा. रेघ पुसून जाते आणि खाला नवी ओढते. भेंडीला टेप लावणारी खाला ही रेघ मात्र नुसत्या अंदाजानं, दर वेळी थोडी स्वतःकडं, ओढायची, आणि मी कधी बघितलंच नव्हतं.

"खाला, रेघ सरकली."

"फरशी धोये तो सरकती," ती सुईत दोरा ओवत म्हणाली.

"किती सरकली? नाप के बोल."

तिनं मान वर केली नाही. दोरा सुईच्या नाकातून दोनदा हुकला. बल्बच्या उजेडात तिला आताशा नीट दिसत नाही. "मैं बैठ के काम करती," ती पुटपुटली. "तू दिनभर खडी रहती. खडे आदमी कू जागा लगती."

मी सुई तिच्या हातातून घेतली, खिडकीपाशी नेली, ओवून दिली.

इथं लिहून ठेवते. एक दिवस मी मोठा गाळा घेईन, दोन खिडक्यांचा. त्यातली मोठी खिडकी खालाच्या मशीनला. मधली रेघ त्या दिवशी मी ओढीन, टेप न लावता. आणि पाणी येईल त्या त्या दिवशी पुन्हा ओढीन.