चिकटपट्टीवर आलेलं पोट

मेकअप रूमचं दार बंद होऊन अर्धा तास झाला होता, आणि आतून बायकोच्या हसण्याचा आवाज येत होता. माइकवाला बाहेर धुमसत उभा होता. स्टुडिओत पाहुण्यांना माइक लावायचं काम त्याचं आणि मेकअपचं त्याच्या बायकोचं. आजचा पाहुणा म्हणजे सिक्स पॅकवाला हिरो.

"चेहऱ्याला इतका वेळ? भिंत रंगवतेय का ही?" तो कॅमेरावाल्याला म्हणाला.

"हिरो आहे बाबा तो. तुझ्यासारखं पावडर मारली की झालं, असं नसतं."

दार उघडलं. हिरोमागून बायको डोळे पुसत, हसू आवरत आली. "माइक कॉलरलाच लाव हं. पोटाला अजिबात हात लावू नकोस."

आपण हात लावायचा नाही, हिने मात्र अर्धा तास! माइकवाल्याचा जळफळाट झाला. त्याने माइक कॉलरला लावला, पण वायर शर्टाच्या आतून पोटावर नेली आणि जमिनीवर केबल चिकटवायची रुंद चिकटपट्टी तिच्यावर दाबून बसवली. काढताना केसांसकट निघेल, या विचाराने त्याला जरा बरं वाटलं.

कार्यक्रम थेट सुरू झाला. विषय होता फिटनेस, सर्जनशीलता आणि आजचा पुरुष.

"आजचा पुरुष भावना लपवत नाही," हिरो म्हणाला. "मी सकाळी व्यायाम करतो, मग चित्र काढतो, मग थोडा रडतो."

प्रेक्षकांतल्या बायका हळहळल्या. माइकवाल्याची दाढ दुखली तेव्हा तोही रडला होता. त्या वेळी बायको म्हणाली होती, "हळू, शेजारी ऐकतील."

"मग होऊन जाऊ द्या सिक्स पॅकचं दर्शन!" निवेदिका म्हणाली. हिरो नको नको म्हणू लागला. कोपऱ्यातून बायको जोरजोरात हात हलवत होती. माइकवाल्याला तेवढंच पुरलं.

"वायर काढून देतो," म्हणत तो धावला, शर्ट वर केला आणि पट्टी टर्रकन ओढली.

पट्टीवर रंगवलेले दोन पॅक आले. खाली हिरोचं खरं पोट होतं, मऊ आणि चक्क माइकवाल्यासारखं. बायकोने कपाळाला हात लावला. गुपित फुटलं, आता तिची नोकरी गेलीच, हे माइकवाल्याला उमगलं.

हिरो कॅमेऱ्याकडे वळून हसला. "सर्जनशीलता हाही विषय होता ना? ही आमच्या मेकअपवाल्या ताईंची कला. टाळ्या होऊ द्या त्यांच्यासाठी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नोकरी वाचली.

नंतर माइकवाला ओला रुमाल घेऊन हिरोकडे गेला. "चुकलं, साहेब. आत हसणं चाललं होतं, म्हणून मला वाटलं..."

"ताई तुमचेच किस्से सांगत होत्या. रोज तुमच्या पोटावर डोकं ठेवून टीव्ही बघतात म्हणे." हिरोने माइकवाल्याच्या ताणलेल्या गुंड्यांकडे असूयेने पाहिलं. "नशीबवान आहात, दादा. माझ्या पोटावर कुणी डोकं ठेवत नाही. रंग लागतो ना."

आणि तो थोडा रडला. या वेळी कॅमेरा बंद होता.

घरी आल्यावर बायको तडक स्वयंपाकघरात गेली. माइकवाला पोट जमेल तितकं आत ओढून सोफ्यावर आडवा झाला. बऱ्याच वेळाने ती आली, टीव्ही लावला, त्याच्या पोटावर डोकं ठेवलं आणि लगेच उचललं.

"पोट सोड आधी," ती म्हणाली. "मान अवघडते."