इस्माईलभाईंचा अख्खा घर

वीज गेली की लोक शिव्या देतात. इस्माईलभाई भिंतीला गाल लावून उभे राहतात. गारवा अजून किती उरलाय ते बघतात म्हणे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना चक्कर आली. पाणी घेऊन धावलो, तर मलाच गप्प बसायला सांगितलं.

माणूस माझा शेजारी. कुवेतला एका शेठची गाडी चालवण्यात जन्म गेला. त्या शेठच्या घरात संडाससुद्धा थंड, हे यांच्या डोक्यात बसलं. म्हणून नेऱ्याच्या रस्त्याला बंगला बांधला आणि सेंट्रल एसी घातला. छताला पत्र्याचे बोगदे, खोलीखोलीत जाळी. एका खोलीचा एसी त्यांना खपत नाही. "एक खोली थंड आणि बाकी तंदूर, हा काय इन्साफ हाय, नाना? अख्खा घर थंड पायजे."

मी चौथी शिकलेला, कळंबोलीच्या लोखंड बाजारात मुकादम होतो. आमची ही गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसतो. ते बंगल्यात एकटेच. बीबी कुवेतला मुलाकडे, नातवंडं सांभाळायला.

मागच्या मेमध्ये सगळी आली होती. भर दुपारी लोडशेडिंग. पोरांच्या पाठी घामोळ्यांनी लाल झाल्या. चार दिवसांत मुलानं सगळ्यांना उचलून मुंबईच्या हॉटेलात नेलं. जाताना बापाला सांगून गेला, आधी विजेचं बघा, मग पुढच्या वर्षी येतो.

तेव्हापासून हा माणूस पेटलाय. लोडशेडिंगमध्येही एसी चालला पाहिजे. मी म्हटलं, जनरेटर घ्या. तर म्हणे धाकटा नातू दुपारी झोपतो, धडधडीनं उठेल. बॅटरीच पाहिजे.

बॅटरी कुठली, तर ट्रकची. "सोळा चाकांचा ट्रक उठतो, माझा एसी नाय उठणार?" जन्मभर स्टिअरिंग धरलेला माणूस बोलतोय आणि जन्मभर ट्रक भरलेला माणूस ऐकतोय. मला लगेच पटलं. दोघांनी कळंबोलीहून टेम्पो भरून बॅटऱ्या आणल्या, वायरमनकडून मोठ्या इन्व्हर्टरला जोडून घेतल्या. मेन स्विच बंद केला. एसी घुर्र करून उठला. इस्माईलभाईंनी मला मिठी मारली. मिठी सुटायच्या आत एसी बसला.

मग बॅटरीच्या दुकानातून सावंत नावाचा इंजिनियर बोलावला. त्यानं सांगितलं, ट्रकची बॅटरी एक दणका देते आणि मोकळी होते. तासन्‌तास ओढायला वेगळी लागते. त्यात हा एसी सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खातो. अख्खं घर चालवायचं तर बॅटऱ्यांनीच एक खोली भरेल.

"भरू दे," इस्माईलभाई म्हणाले.

सावंत घरभर फिरला आणि हवा खेळती म्हणून एक खोली त्यानं पसंत केली. नेमकी नातवंडांची. भिंतीवर विमानं रंगवलेली, पलंगांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. इस्माईलभाई दारात उभे राहिले.

मग म्हणाले, हॉलपुरता छोटा एसी लाव, बॅटऱ्या जिन्याखाली ठेव, दुपारी सगळी हॉलमध्ये पडतील. ज्या तोंडानं वर्षभर माझं डोकं खाल्लं, त्याच तोंडानं बोलले. मी त्यांना चिडवणार होतो. चेहरा बघितला आणि राहू दिलं.

सावंतनं विचारलं, हॉलमध्ये माणसं किती? माणसाच्या अंगाची गरमीही एसीला काढावी लागते, तीही हिशोबात धरायची.

"सात," इस्माईलभाई झटकन म्हणाले. मुलगा, सून, बीबी, तीन पोरं आणि स्वतः. बोटांवर मोजून दाखवली.

"ते मे महिन्यात, चाचा. एरवी किती?"

इस्माईलभाईंची बोटं तशीच वर राहिली. एकेक मिटायला लागली. मला ते बघवेना.

"दोन लिही," मी म्हटलं. "मी रोज दुपारी हितंच असतो."

सावंतनं मान डोलावली आणि एरवी दोन, मेमध्ये सात, असं लिहायला घेतलं. इस्माईलभाईंनी त्याचा हात धरला.

"मेमध्ये आठ लिही," ते म्हणाले. "नाना तवा कुठं जाणार?"