नेरुरकर काकांचा कावळा

आमचे शेजारी नेरुरकर काका रोज सकाळी कचऱ्याच्या हिरव्या बिनवर भाताची मूद ठेवतात आणि तिच्यासमोर उभे राहून वचनं देतात. पहिल्यांदा कुंपणापलीकडून मी ऐकलं ते असं : "सुधा, गेटला ऑइल घालतो. शपथ." मग जरा थांबून, "बरं, तुझ्या बहिणीला फोन करतो." समोरच्या धुराड्यावर एक कावळा बसला होता. डाव्या पंखात एक पांढरं पीस. तो भाताकडे बघतच नव्हता, काकांकडे बघत होता. कॉव्हेंट्रीत येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. मी मुकाट्याने खिडकी लावून घेतली.

काका निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर. मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं दारं तपासली आणि रिटायर झाल्यावर जग तपासायला घेतलं. सुपरमार्केटात टोमॅटो दाबून "रिजेक्ट!" माझी पोळी उजेडासमोर धरून "रिजेक्ट!" मंडळाच्या गणपतीपुढे हात जोडून, "सोंडेची अलाइनमेंट गेलीय." माझ्या नवऱ्याला त्यांनी अजून पास केलेलं नाही, पण तिथे माझंही फारसं दुमत नाही.

हळूहळू भाताचं कोडं उलगडलं. सुधाकाकू गेल्या वर्षी गेल्या. दहाव्याला मागच्या अंगणात पिंड ठेवला. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा मागे राहिली नाही असं समजायचं. आधी खार आली, मग सीगल आला. कावळा धुराड्यावरून हलला नाही. शेवटी लेस्टरहून आलेल्या गुरुजींनी रीतीप्रमाणे दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. "डुप्लिकेट पार्ट! रिजेक्ट!" काका गुरुजींच्या अंगावर ओरडले. तेव्हापासून ते काकूंची राहिलेली इच्छा शोधताहेत. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, माझ्या चहातल्या चुका काढता काढता.

जूनमधल्या एका संध्याकाळी ते ब्लेझर घालून दारात उभे. "चल. स्टेकहाऊसला जायचंय. सुधा दर बर्थडेला म्हणायची, एकदा जाऊया त्या पॉश ठिकाणी. मी न बघताच रिजेक्ट करायचो."

"अहो काका, पण मी व्हेजिटेरियन."

"मग फ्लॉवर खा. तिथे एकट्याला बसवणार नाही मला."

टेबल त्यांनी मुद्दाम बाहेर, गच्चीवर घेतलं होतं. आठ वाजून गेले तरी लख्ख उजेड होता. मी खुर्ची ओढून बसले आणि वर बघितलं. पलीकडच्या छपरावर कावळा बसला होता. सगळे कावळे सारखेच दिसतात हे मलाही कळतं. पण डाव्या पंखात पांढरं पीस होतं, आणि आम्ही दोन बस बदलून आलो होतो.

जेवण भिकार होतं. माझा फ्लॉवर वरून जळका, आतून कच्चा. काकू बीफ खात नसत म्हणून काकांनी लॅम्बचा स्टेक मागवला होता; तो सुरीला दाद देईना. सॉस गार. चिप्स, म्हणजे तळलेल्या बटाट्याचे जाड तुकडे, मोजून सात, तेही मुलांच्या ठोकळ्यांसारखे रचलेले. "एव्हरीथिंग ओके?" वेटरने विचारलं.

"टफ. कोल्ड. रिजेक्ट," काका म्हणाले. तो बिचारा बदलून आणायला निघाला, तर त्यांनी प्लेट धरून ठेवली. "नो, नो. आय नीड धिस वन."

मग त्यांनी एक तुकडा कापला आणि बशीत घालून कठड्यावर ठेवला. "सुधा, आलो बघ. स्टेकहाऊस झालं."

कावळा हलला नाही.

"डेझर्टही मागवतो."

नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई आमच्याकडे बघत होत्या. काका चिडले. "अगं, काय आहे इथे एवढं? तुझ्या सुरमईची सर नाही याला!"

कावळ्याने मान वळवली.

काकांनी ते पाहिलं. त्यांनी सुरी खाली ठेवली. "सुरमई," ते अगदी हळू म्हणाले. "चांगली व्हायची. मी रोज मीठ कमी म्हणायचो. कमी नसायचं गं. सगळंच चांगलं होतं, सुधा. पास. सगळं पास."

पंखांचा आवाजसुद्धा झाला नाही. कावळा कठड्यावर उतरला, त्याने काकांकडे क्षणभर बघितलं, तुकडा उचलला आणि गेला. मला रडू आलं, आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुराडं रिकामं होतं. काका मात्र भात घेऊन बिनपाशी उभे होते.

"काका, काल शिवला की. आता कशाला?"

त्यांनी मूद बिनवर ठेवली.

"वर्षभर अडकली होती इथे. रोज काहीतरी बोलणं तरी व्हायचं," ते म्हणाले. "काल गप्प बसलो असतो, तर राहिली असती ना गं?"